‘आहे’ कुठे टिकते आणि कुठे गळते : इंग्रजीतील पूर्ण वर्तमानकाळ वापरण्याची रीत

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाला पूर्ण वर्तमानकाळ, म्हणजे शाळेत ज्याला प्रेझेंट परफेक्ट म्हणतात तो काळ, वाचताना सहज ओळखता येतो. अडचण येते ती तो स्वतः वापरताना. ‘हॅव किंवा हॅज आणि त्यापुढे क्रियापदाचे तिसरे रूप’ हे सूत्र बहुतेकांना तोंडपाठ असते, पण पत्र लिहायला बसले की ‘आय रोट’ लिहावे की ‘आय हॅव रिटन’ या जागी हात थबकतो आणि शेवटी कानाला जे बरे वाटेल ते कागदावर उतरते. या काळाचे काम नेमके काय, तो ऐकणाऱ्याला कोणती गोष्ट सांगतो, हे आपल्याला फारसे कोणी समजावून दिलेले नसते. ते समजले की सूत्राचा उपयोग होऊ लागतो, आणि समजून घेण्यासाठी सर्वांत जवळचे साधन आपली मराठीच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘माझी किल्ली हरवली’ आणि ‘माझी किल्ली हरवली आहे’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. पहिले वाक्य एखाद्या जुन्या हकिगतीतलेही असू शकते. त्यापुढे ‘आणि दुसऱ्या दिवशी ती सापडली’ असे म्हणता येते. दुसऱ्या वाक्यापुढे तसे म्हणता येत नाही, कारण ‘हरवली आहे’ म्हणणाऱ्याकडे या क्षणी किल्ली नाही. घटना मागे घडली, पण वाक्य आजच्या स्थितीबद्दल बोलते. इंग्रजीत हाच फरक ‘आय लॉस्ट माय की’ आणि ‘आय हॅव लॉस्ट माय की’ यांत आहे. ‘पूर्ण वर्तमानकाळ’ या नावातले नाम ‘वर्तमानकाळ’ आहे आणि ‘पूर्ण’ हे केवळ त्याचे विशेषण आहे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात : हा भूतकाळाचा प्रकार मानू नये, मागे घडलेल्या गोष्टीला हाताशी धरून आजविषयी बोलणारा हा वर्तमानकाळ आहे.

इंग्रजीत या कामासाठी ‘हॅव’ कसे आले, हेही एका वाक्यात सांगण्याजोगे आहे. जुन्या इंग्रजीत ‘माझ्याकडे लिहिलेले पत्र आहे’ अशा अर्थाची रचना होती. तिच्यात ‘हॅव’ म्हणजे खरोखरच जवळ असणे आणि ‘रिटन’ म्हणजे त्या पत्राचे विशेषण. हळूहळू मालकीचा अर्थ झिजत गेला आणि ‘मी पत्र लिहिले आहे’ हा अर्थ शिल्लक राहिला. म्हणूनच आजही या काळात काहीतरी हाती असल्याची भावना असते : काम केलेले हाती आहे, अनुभव गाठीशी आहे, बातमी समोर आहे.

रूप बांधताना

मराठी ‘आहे’चा इंग्रजी प्रतिशब्द ‘इज’ असा डोक्यात बसलेला असल्यामुळे ‘तो आला आहे’ याचे भाषांतर करताना ‘ही इज कम’ असे लिहिण्याचा मोह होतो. जाणे-येणे दाखवणाऱ्या क्रियापदांबरोबर इंग्रजीतही पूर्वी ‘इज’ वापरत असत, आणि ‘ही इज गॉन’ यासारख्या प्रयोगात त्याचा अवशेष आजही दिसतो. पण आजच्या भाषेत नियम एकच आहे, की या काळातले ‘आहे’ हे ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ असते. ‘ही हॅज कम’, ‘द ट्रेन हॅज लेफ्ट’.

‘हॅव’ की ‘हॅज’ हे ठरवताना मराठी आणखी एका जागी फसवते, आणि ही जागा मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण तिच्याकडे सहसा लक्ष वेधले जात नाही. ‘तिने पत्रे लिहिली आहेत’ या वाक्यात क्रियापद ‘तिने’ या कर्त्यामागे जात नाही, ते ‘पत्रे’ या कर्मामागे जाते. हा आपला कर्मणी प्रयोग. पत्रे अनेक म्हणून ‘आहेत’. त्या ‘आहेत’च्या प्रभावाखाली ‘शी हॅव रिटन लेटर्स’ असे लिहिले जाते. इंग्रजीत क्रियापद नेहमी कर्त्याकडे पाहते. कर्ता एक स्त्री असेल तर पत्रे दहा असोत की शंभर, ‘शी हॅज रिटन’च म्हणावे लागेल. उलट ‘त्यांनी एक पत्र लिहिले आहे’ यात मराठीत ‘आहे’ एकवचनी दिसले तरी इंग्रजीत ‘दे हॅव रिटन अ लेटर’ होते. म्हणून वाक्य बांधताना आधी कर्ता शोधावा, त्याच्या शेजारी ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ ठेवावे आणि मगच पुढे जावे.

तिसऱ्या रूपाबद्दल फार विस्तार करण्याची गरज नाही, ते पाठ करावेच लागते. नियमित क्रियापदांना शेवटी ‘ईडी’ लागते आणि दुसरे व तिसरे रूप सारखेच असते. अनियमित क्रियापदांत ‘कट’ आणि ‘पुट’ अजिबात बदलत नाहीत, ‘ब्रिंग’चे दोन्ही ठिकाणी ‘ब्रॉट’ होते, ‘कम’ दुसऱ्या रूपात बदलून तिसऱ्यात परत मूळ रूपावर येते, आणि ‘राइट, रोट, रिटन’ किंवा ‘गो, वेंट, गॉन’ यांसारखी क्रियापदे तिन्ही ठिकाणी वेगळी असतात. चुका होतात त्या या शेवटच्या गटात. ‘आय हॅव वेंट’ आणि ‘ही हॅज रोट’ ही रूपे चूक आहेत, कारण ‘वेंट’ आणि ‘रोट’ ही एकट्याने उभी राहणारी भूतकाळी रूपे आहेत, त्यांना ‘हॅव’चा आधार चालत नाही. ‘रीड’ या क्रियापदाची तिन्ही रूपे लिहायला सारखी, पण दुसरे व तिसरे रूप उच्चारताना ‘रेड’ असे म्हणावे.

‘हॅव हॅड’ आणि ‘हॅज हॅड’ या जोड्या पाहून अनेकांना छपाईची चूक वाटते. त्या अगदी बरोबर आहेत. जवळ असणे या अर्थाच्या ‘हॅव’ला स्वतःचे तिसरे रूप आहे, ते ‘हॅड’; त्यामुळे ‘हे घड्याळ त्याच्याकडे सहा वर्षांपासून आहे’ याचे इंग्रजी ‘ही हॅज हॅड धिस वॉच फॉर सिक्स इयर्स’ असेच होते. बोलताना ‘ही इज’ आणि ‘ही हॅज’ या दोन्हींचा संक्षेप ‘हीज’ असा ऐकू येतो. पुढे ‘आयएनजी’चे रूप आले, जसे ‘हीज गोइंग’, तर तो ‘इज’ असतो, आणि पुढे ‘बीन’ आले तर तो नक्कीच ‘हॅज’ असतो.

कालचा दिवस आला की ‘हॅव’ निघून जाते

मराठी आणि इंग्रजी इथवर हातात हात घालून आल्या. आता त्यांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. मराठीत ‘पाहुणे कालच आले आहेत’, ‘हे पुस्तक मी गेल्या वर्षी वाचले आहे’ ही वाक्ये निर्दोष आहेत. आपल्या ‘आहे’ला भूतकाळातल्या वेळेचे वावडे नाही. इंग्रजीला मात्र आहे. संपून गेलेली वेळ वाक्यात आली, मग ती ‘यस्टरडे’ असो, ‘लास्ट इयर’ असो, ‘इन २०१५’ असो किंवा ‘टू डेज अगो’ असो, की पूर्ण वर्तमानकाळ चालत नाही आणि साधा भूतकाळ वापरावा लागतो. ‘द गेस्ट्स हॅव अराइव्ह्ड यस्टरडे’ हे चूक, ‘द गेस्ट्स अराइव्ह्ड यस्टरडे’ हे बरोबर. कारण वर सांगितलेच आहे : हा वर्तमानकाळ आहे, आणि वर्तमानकाळाच्या वाक्याला ‘काल’ ही खुंटी मारता येत नाही. ‘ही इज हिअर यस्टरडे’ जसे कानाला खटकते, तसेच इंग्रजी बोलणाऱ्याला ‘हॅज कम यस्टरडे’ खटकते.

यावरून एक सोपी कसोटी निघते. वाक्य मनात मराठीत तयार झाले की दोन प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न, यात संपलेली वेळ सांगितली आहे का, किंवा ऐकणाऱ्याच्या मनात ती आधीच ठरलेली आहे का? तसे असेल तर पुढचा विचारच नको, साधा भूतकाळ घ्यावा. तसे नसेल तर दुसरा प्रश्न, या वाक्याच्या शेवटी अर्थाला धक्का न लावता ‘आहे’ ठेवता येते का? येत असेल तर ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ घ्यावे. दुसऱ्या प्रश्नात ‘ठेवता येते का’ असे मुद्दाम म्हटले आहे, कारण मराठीत आपण अनेकदा ‘आहे’ न उच्चारता काम भागवतो. ‘पाऊस थांबला, चला निघू या’ या वाक्यात ‘आहे’ नाही, तरी ‘पाऊस थांबला आहे, चला निघू या’ म्हटल्याने काहीही बिघडत नाही; म्हणून इंग्रजीत ‘द रेन हॅज स्टॉप्ड, लेट अस गो’. ‘काम झाले का?’ या रोजच्या प्रश्नाचे इंग्रजीही त्याच न्यायाने ‘हॅव यू फिनिश्ड द वर्क?’ असे होते. उलट ‘रात्री पाऊस थांबला आणि आम्ही निघालो’ या वाक्यात ‘आहे’ घुसवून पाहिले तर वाक्य मोडते, कारण तिथे गोष्ट सांगणे चालू आहे. तिथे ‘स्टॉप्ड’.

‘आज’, ‘या आठवड्यात’, ‘या वर्षी’ अशा वेळा मात्र अजून संपलेल्या नसतात, म्हणून त्यांच्याबरोबर पूर्ण वर्तमानकाळ सुखाने नांदतो : ‘आय हॅव रिटन थ्री लेटर्स टुडे’. दिवस बाकी आहे, चौथे पत्रही लिहिले जाऊ शकते. ‘धिस मॉर्निंग’ हा शब्दप्रयोग या दृष्टीने फार बोधक आहे. सकाळी अकरा वाजता ‘आय हॅव रिटन थ्री लेटर्स धिस मॉर्निंग’ म्हणता येते. तेच संध्याकाळी सांगायचे झाले तर सकाळ संपलेली असते, म्हणून ‘आय रोट थ्री लेटर्स धिस मॉर्निंग’. शब्द तेच, पत्रे तीच, फक्त बोलणाऱ्याच्या घड्याळाने काळ बदलला.

हीच गोष्ट माणसाच्या आयुष्यालाही लागू पडते. ‘माय टीचर हॅज रिटन टू बुक्स’ म्हटले की ते शिक्षक हयात आहेत, कदाचित तिसरे पुस्तकही लिहितील, असे ऐकणारा गृहीत धरतो. दिवंगत व्यक्तीबद्दल ‘रोट’ म्हणायचे, कारण ज्या आयुष्यात ही पुस्तके लिहिली गेली तो कालखंड मिटलेला आहे. व्याकरणाच्या एवढ्याशा निवडीतून केवढी मोठी माहिती कळते, हे पाहून मला आजही नवल वाटते.

‘कधी’चे दोन अर्थ

मराठीतला ‘कधी’ हा एकच शब्द इंग्रजीत दोन ठिकाणी विभागला जातो. ‘तू कधी आलास?’ यात आपण वेळ विचारतो. तिथे ‘व्हेन’, आणि ‘व्हेन’ म्हणजे ठरावीक वेळेचा शोध, म्हणून साधा भूतकाळ : ‘व्हेन डिड यू कम?’. ‘व्हेन हॅव यू कम?’ हे वाक्य त्यामुळेच चुकते. ‘तू कधी समुद्र पाहिला आहेस का?’ यात वेळेला महत्त्वच नाही. जन्मापासून आजपर्यंतच्या अवधीत हा अनुभव गाठीशी आला की नाही, एवढेच विचारायचे आहे. तिथे ‘एव्हर’, आणि काळ पूर्ण वर्तमान : ‘हॅव यू एव्हर सीन द सी?’. उत्तर नकारार्थी असेल तर ‘आय हॅव नेव्हर सीन इट’. उत्तर होकारार्थी असेल तर ‘येस, आय हॅव’ एवढे म्हणून पुढे तपशील सांगताना लगेच भूतकाळात उतरावे लागते : ‘आय सॉ इट टू इयर्स अगो’. दार पूर्ण वर्तमानकाळाने उघडायचे आणि आत जाताना साधा भूतकाळ घ्यायचा, ही चाल इंग्रजी संभाषणात सतत दिसते, आणि बातम्यांतही तीच असते. पहिल्या वाक्यात ‘द ब्रिज हॅज कोलॅप्स्ड’, दुसऱ्यात ‘इट फेल अॅट मिडनाइट’.

अनुभवाच्या वाक्यांत ‘आजवर’, ‘आतापर्यंत’ हे शब्द मराठीत आले की इंग्रजीत हा काळ वापरायचा, हे जवळजवळ निश्चित समजावे. ‘मी आजवर वाचलेले हे सर्वांत चांगले पुस्तक’ म्हणजे ‘धिस इज द बेस्ट बुक आय हॅव एव्हर रेड’. एक जागा मात्र अशी आहे की तिथे मराठीत साधा किंवा चालू वर्तमानकाळ असतो आणि इंग्रजीत हा : ‘मी हे पहिल्यांदाच पाहतो आहे’ याचे इंग्रजी ‘धिस इज द फर्स्ट टाइम आय हॅव सीन धिस’ असे होते. इंग्रजी मन इथे आजपर्यंतच्या अनुभवांची मोजणी करते आणि मोजणीचा आकडा एकवर येतो.

जाण्याच्या अनुभवाबद्दल बोलताना ‘गॉन’ आणि ‘बीन’ यांतला फरक पाळावा. ‘शी हॅज गॉन टू द लायब्ररी’ म्हणजे ती गेली आहे, इथे नाही. ‘शी हॅज बीन टू द लायब्ररी’ म्हणजे ती जाऊन आली आहे. ‘गेली आहे’ आणि ‘जाऊन आली आहे’ हा भेद मराठीत इतका स्वाभाविक आहे, की एकदा ही जोडी जुळवून घेतली की चूक होण्याचे कारण राहत नाही.

नकारात ‘आहे’ दिसेनासे होते

‘तो आला आहे’ याचा नकार आपण ‘तो आला नाही’ असा करतो, आणि ‘तो आला’ याचाही नकार ‘तो आला नाही’ असाच. म्हणजे होकारात दिसणारा फरक नकारात पुसला जातो, आणि इंग्रजीत ‘ही डिड नॉट कम’ म्हणावे की ‘ही हॅज नॉट कम’ हे मराठी वाक्याकडे नुसते पाहून कळत नाही. यावर उपाय मराठीतच आहे. ‘आला नाही’च्या जागी ‘आलेला नाही’ ठेवून पाहावे. ‘बैठक सुरू झाली, पण तो अजून आलेला नाही’ हे जुळते. तिथे ‘ही हॅज नॉट कम येट’. ‘कालच्या बैठकीला तो आलेला नाही’ हे अवघडते, तिथे आपण ‘आला नाही’ असेच म्हणतो. तिथे ‘ही डिड नॉट कम’. ‘अजून’ हा शब्द वाक्यात असेल किंवा मनात असेल, तर उत्तर बहुधा पहिल्या बाजूला असते. त्या ‘अजून’साठी नकारात आणि प्रश्नात ‘येट’ वापरावे आणि ते वाक्याच्या शेवटी ठेवावे. ‘आधीच’ या अर्थाचे ‘ऑलरेडी’ आणि ‘नुकताच’ या अर्थाचे ‘जस्ट’ हे दोन्ही ‘हॅव’ आणि तिसरे रूप यांच्या मध्ये बसतात : ‘आय हॅव ऑलरेडी सेंट इट’, ‘शी हॅज जस्ट लेफ्ट’. अमेरिकेतल्या बोलीत याच शब्दांबरोबर साधा भूतकाळही सर्रास चालतो, जसे ‘आय ऑलरेडी सेंट इट’ किंवा ‘डिड यू फिनिश येट?’. तो त्या बोलीचा रिवाज आहे, त्याला चूक म्हणू नये. मात्र औपचारिक लेखनात ‘हॅव’ची वाट दोन्हीकडे मान्य असल्यामुळे शिकणाऱ्याने तीच धरणे हिताचे.

‘पासून’ या एका शब्दयोगी अव्ययाचे दोन शब्द

‘मी सकाळपासून इथे आहे’ आणि ‘मी दोन तासांपासून इथे आहे’ या दोन्ही वाक्यांत मराठीला एकच ‘पासून’ पुरतो. इंग्रजीला पुरत नाही. जिथून सुरुवात झाली तो बिंदू सांगायचा असेल तर ‘सिन्स’, आणि लोटलेल्या काळाची लांबी सांगायची असेल तर ‘फॉर’. सकाळ, सोमवार, २०१५ हे बिंदू. दोन तास, पाच वर्षे, बराच वेळ या लांब्या. ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ ही चूक म्हणजे लांबीला बिंदू समजणे होय. गोंधळ झाल्यास मराठी वाक्य ‘गेली पाच वर्षे’ असे फिरवून पाहावे. ‘गेली’ लावता आले तर ती लांबी आहे, तिथे ‘फॉर’. ‘गेली २०१५’ असे म्हणता येत नाही, म्हणून तिथे ‘सिन्स’.

याहून मोठी चूक क्रियापदात होते. ‘मी पाच वर्षांपासून इथे राहतो’ यात मराठी क्रियापद साध्या वर्तमानकाळात आहे, त्यामुळे ‘आय लिव्ह हिअर’ किंवा ‘आय अॅम लिव्हिंग हिअर’ अशी सुरुवात होते आणि पुढे ‘सिन्स’ जोडले जाते. इंग्रजीत साधा वर्तमानकाळ आजपुरते सांगतो. मागे सुरू होऊन आजपर्यंत आलेली स्थिती सांगायची असेल तर पूर्ण वर्तमानकाळच हवा : ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’. ‘मी त्याला दहा वर्षांपासून ओळखतो’ म्हणजे ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स’. ‘तुम्ही इथे किती दिवसांपासून आहात?’ म्हणजे ‘हाउ लाँग हॅव यू बीन हिअर?’. यात ‘हॅव बीन’ऐवजी ‘आर’ घातले, तर समोरचा माणूस पुढे किती दिवस राहणार आहात असे विचारले आहे, असे समजू शकतो.

‘फॉर’ दिसला की डोळे मिटून ‘हॅव’ लावावे, असे काही ठिकाणी शिकवले जाते, ते मला पटत नाही. ‘आय लिव्ह्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स’ हे पूर्ण शुद्ध वाक्य आहे. त्याचा अर्थ मी तिथे पाच वर्षे राहिलो आणि आता राहत नाही. ‘फॉर’ केवळ लांबी मोजतो, ती लांबी आजला येऊन टेकते की मागेच संपते हे क्रियापदाने सांगायचे असते. नोकरीच्या अर्जात या फरकाला फार किंमत आहे. सध्याच्या कामाबद्दल ‘आय हॅव वर्क्ड हिअर फॉर थ्री इयर्स’ लिहावे, सोडलेल्या कामाबद्दल ‘आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स’. दोन्हींची अदलाबदल झाली तर अर्ज वाचणाऱ्याला अर्जदार नोकरीत आहे की नाही, हेच उलटे कळते.

क्रिया अजून चालू आहे यावर भर द्यायचा असेल तर ‘हॅव बीन’ आणि ‘आयएनजी’चे रूप घ्यावे : ‘आय हॅव बीन वेटिंग फॉर हाफ अॅन अवर’. मराठीतले ‘मी अनेक वर्षे लिहीत आलो आहे’ हे ‘लिहीत आलो आहे’ त्याच्या अगदी शेजारी बसते. ‘आय हॅव रेड द बुक’ म्हणजे पुस्तक वाचून झाले. ‘आय हॅव बीन रीडिंग द बुक’ म्हणजे वाचन चालू आहे, संपल्याचा दावा नाही. ओळखणे, ठाऊक असणे, आवडणे, जवळ असणे या स्थिती असल्यामुळे त्यांना हे रूप लागत नाही. ‘आय हॅव बीन नोइंग हिम’ असे कधीही म्हणू नये.

जिथे मराठी ‘ला आहे’ म्हणते आणि इंग्रजी ऐकत नाही

‘ला आहे’, ‘ले आहे’ दिसले की लगेच ‘हॅज’ लावणाऱ्याला पुढील वाक्ये अडवतात. ‘तो खुर्चीवर बसला आहे.’ ‘तिने चष्मा घातला आहे.’ ‘बाळ झोपले आहे.’ या वाक्यांत आपण क्रिया पूर्ण झाल्याची बातमी देत नाही, समोर दिसणारी अवस्था वर्णन करतो. अशा अवस्थांसाठी इंग्रजी चालू वर्तमानकाळ किंवा विशेषण वापरते : ‘ही इज सिटिंग’, ‘शी इज वेअरिंग ग्लासेस’, ‘द बेबी इज अस्लीप’. ‘शी हॅज वोर्न ग्लासेस’ हे व्याकरणाच्या सूत्रात बसते, पण त्याचा अर्थ तिने कधीतरी चष्मा वापरलेला आहे, असा अनुभवाचा होतो. छायाचित्राचे वर्णन करताना ही चूक हमखास होते. भूक लागली आहे, तहान लागली आहे, ताप आला आहे यांचीही तीच गत; ‘आय अॅम हंग्री’, ‘आय अॅम थर्स्टी’ आणि ‘आय हॅव अ फीव्हर’ हे तयार प्रयोग जसेच्या तसे घ्यावेत.

दुसरी अडचण कार्यालयीन पत्रांत येते. ‘काम पूर्ण केले आहे’, ‘पत्र पाठवले आहे’ या वाक्यांत मराठी कर्ता सहज वगळते. इंग्रजीत कर्ता वगळून पत्रालाच वाक्याच्या आरंभी आणले, तर मध्ये ‘बीन’ घालावे लागते : ‘द लेटर हॅज बीन सेंट’. ‘द लेटर हॅज सेंट’ म्हटले तर पत्रानेच कोणाला तरी काहीतरी पाठवले, असा अर्थ निघतो. ‘द वर्क हॅज बीन कम्प्लीटेड’ हेही असेच लक्षात ठेवावे.

तिसरी अडचण ‘होतो’ची. ‘मी गेल्या महिन्यात त्यांना भेटलो होतो’ हे मराठीत सहज वाक्य आहे, आणि भेट जरा मागे पडली एवढेच त्यातून सुचते. त्या ‘होतो’मुळे ‘आय हॅड मेट देम लास्ट मंथ’ असे लिहिले जाते, तर ते टाळण्याच्या भरात कोणी ‘आय हॅव मेट’ लिहितो. दोन्ही नकोत, वेळ सांगितलेली आहे, म्हणून ‘आय मेट देम लास्ट मंथ’. ‘हॅड’ तेव्हाच घ्यावा जेव्हा भूतकाळातल्या दुसऱ्या एका घटनेच्या आधी हे घडले, असे दाखवायचे असेल : ‘मी पोहोचलो तेव्हा ते निघून गेले होते’.

एक उपयोग थोडा बाजूला राहतो, तोही सांगतो, कारण सूचना लिहिताना तो लागतो. पुढे होणाऱ्या गोष्टीबद्दल ‘झाल्यावर’ म्हणायचे असेल, तर ‘व्हेन’, ‘आफ्टर’, ‘वन्स’ यांच्यानंतर इंग्रजीत भविष्यकाळ येत नाही, पूर्ण वर्तमानकाळ येतो. ‘वाचून झाल्यावर पुस्तक परत कर’ म्हणजे ‘व्हेन यू हॅव रेड द बुक, रिटर्न इट’. ‘व्हेन यू विल हॅव रेड’ असे लिहू नये.

सरावासाठी वेगळे पुस्तक लागत नाही. स्वतः लिहिलेले एखादे मराठी पत्र किंवा दैनंदिनीचे पान घ्यावे, त्यातल्या ‘ले’, ‘ले आहे’, ‘ले होते’, ‘पासून’ आणि ‘नाही’ या जागांखाली रेघ ओढावी, प्रत्येक जागी आधी वेळेचा प्रश्न विचारावा, मग ‘आहे’ ठेवून पाहावे, आणि मगच इंग्रजी वाक्य लिहावे. समजा पानावर असे आहे : ‘सोमवारी पुस्तक हाती आले. अर्धे वाचले आहे. शेवट अजून कळलेला नाही.’ पहिल्या वाक्यात सोमवार आहे, म्हणून ‘द बुक अराइव्ह्ड ऑन मंडे’. दुसऱ्यात वेळ नाही आणि ‘आहे’ टिकते, म्हणून ‘आय हॅव रेड हाफ ऑफ इट’. तिसऱ्यात ‘अजून’ आणि ‘कळलेला नाही’ दोन्ही आहेत, म्हणून ‘आय हॅव नॉट रीच्ड द एंड येट’.